परकी भाषा: आधी कान, मग जीभ, मग शब्दांची पेटी

कोथरूडला आमच्या सोसायटीत कानपूरहून आलेलं एक कुटुंब राहतं. त्यांची मुलगी हुशार आहे, सहा महिन्यांत कामापुरतं मराठी बोलायला लागली. पण ‘बाल’ आणि ‘बाळ’ हे दोन शब्द मी तिच्यासमोर पुन्हापुन्हा म्हटले तरी तिला फरक सापडेना. “आंटी, तुम्ही दोन्ही सारखंच म्हणताय,” असं तिचं म्हणणं. आपल्याला ल आणि ळ इतके वेगळे वाटतात, की कुणाच्या कानाला ते एकच लागतील यावर विश्वास बसत नाही. मी जर्मन शिकायला लागले त्या वर्षी माझी नेमकी हीच अवस्था होती. ‘आधीच’ आणि ‘सुंदर’ या अर्थांचे दोन जर्मन शब्द आहेत. लिहिताना त्यांच्यात फरक असतो तो फक्त ‘ओ’ अक्षरावरच्या दोन टिंबांचा. बाई दोन्ही स्वच्छ म्हणून दाखवायच्या आणि मला दोन्ही वेळा ‘शोन’च ऐकू यायचं.

हा हुशारीचा प्रश्न नाही. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी १९८४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले होते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हा फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत बहुतेकांची ती क्षमता मावळलेली होती. घरात जे फरक अर्थ बदलतात तेवढेच कान राखून ठेवतो, बाकीचे सोडून देतो. मोठेपणी परकी भाषा शिकताना आपण ही सोडून दिलेली जागा परत मिळवत असतो. ती मिळवता येते, पण क्रम चुकला तर वर्षं जातात.

मी सतरा वर्षं पुण्यात जर्मन शिकवते आहे. मध्ये जपानी शिकले, थोडं फ्रेंचही. या सगळ्यातून एक गोष्ट मला पक्की पटली आहे. मराठी माणसाकडे उच्चार शिकण्यासाठी वर्णमालेसारखं उत्तम साधन आहे, पण आपण ते उलटं वापरतो. वर्णमाला नकाशा म्हणून वापरायची असते, आपण तिचा वापर लिपी म्हणून करतो. मी ज्या पहिल्या खासगी वर्गाला जात होते तिथे प्रत्येक जर्मन शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून द्यायचे. ती वही मी जपून वापरली, आणि तिच्यातले उच्चार जिभेवरून काढायला मला पुढे दोन वर्षं लागली. या लेखात देवनागरीला पर्याय नाही, तेव्हा इथले परके शब्द फक्त ओळखीपुरते घ्या. उच्चार कानानेच घ्यायचा.

पहिले दोन आठवडे: फक्त ऐकायचं

पहिलं काम जोड्या गोळा करण्याचं. एकाच आवाजाने वेगळे होणारे दोन शब्द म्हणजे एक जोडी. जर्मनमध्ये ‘शहर’ आणि ‘राष्ट्र’ यांसाठीचे शब्द घ्या. देवनागरीत दोन्ही ‘श्टाट’ असेच लिहिले जातील, पण पहिल्यातला स्वर आखूड आहे आणि दुसऱ्यातला लांब. जपानीत ‘ओबासान’ म्हणजे मावशी-आत्या, तोच ‘बा’ लांबवला की आजी. फ्रेंचमध्ये दारू, वारा आणि ‘ते जातात’ हे तीन शब्द फक्त नाकातल्या स्वराने वेगळे होतात. अशा पाच जोड्या निवडा. सुरुवातीला पाचच.

प्रत्येक शब्दाची पाच-सहा वेगवेगळ्या माणसांची ध्वनिमुद्रणं मिळवा. ‘फोर्वो’ या संकेतस्थळावर मूळ भाषकांनी म्हटलेले सुटे शब्द मिळतात. ‘युग्लिश’वर तोच शब्द खऱ्या व्हिडिओंमधल्या वाक्यांत ऐकता येतो. आवाज बदलते हवेत, हे मी मुद्दाम सांगते. लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी १९९१ साली जपानी माणसांना इंग्रजीतले र आणि ल ओळखायला शिकवलं, तेव्हा त्यांनी अनेक बोलणाऱ्यांचे आवाज आणि शब्दातल्या वेगवेगळ्या जागा वापरल्या. एकाच शिक्षकाचा आवाज ऐकून आपण त्या शिक्षकाला ओळखायला शिकतो, वर्ण ओळखायला नाही. १९९७ मधल्या याच धर्तीच्या एका अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. फक्त ऐकण्याचा सराव केलेल्यांचं बोलणंही सुधारलं होतं.

आता सराव कसा करायचा ते एका विद्यार्थिनीच्या उदाहरणाने सांगते. नर्सिंगच्या कामासाठी जर्मनीला जायची तिची तयारी चालू होती आणि ‘श्टाट’ची जोडी तिला काही केल्या जमत नव्हती. मी तिच्या वडिलांना कामाला लावलं. रात्री जेवणं झाली की ते फोन हातात घेऊन समोर बसायचे आणि दोनपैकी कुठलाही एक शब्द वाजवायचे. ती ‘आखूड’ किंवा ‘लांब’ एवढंच म्हणायची. बरोबर असेल तर ‘हो’, चूक असेल तर लगेच तोच आवाज पुन्हा. वीस वेळा. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत ते त्या दिवसाचा आकडा लिहायचे. पहिल्या दिवशी वीसपैकी अकरा आले, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. चौथ्या दिवशी बारा. नवव्या दिवशी अठरा. वडिलांना जर्मनचा गंध नव्हता, पण शेवटी त्यांनाही फरक कळायला लागला होता. सलग तीन दिवस अठराच्या वर आलात की ती जोडी सोडा, पुढची घ्या. उत्तर चुकल्याबरोबर तिथल्या तिथे कळणं हा या सरावाचा प्राण आहे. मागे नुसतं रेडिओसारखं लावून ठेवलं तर कान तयार होत नाही.

वर्णमाला उघडून बसा

शाळेत आपण क-ख-ग-घ-ङ ओळीने पाठ केलं, पण ती ओळ अशीच का आहे ते फारसं कुणी सांगितलं नाही. कंठापासून निघायचं आणि तालू, मूर्धा, दात असं करत ओठांपर्यंत यायचं. जुन्या शिक्षाग्रंथांनी, म्हणजे उच्चारशास्त्राच्या संस्कृत ग्रंथांनी, प्रत्येक वर्णासाठी स्थान आणि प्रयत्न सांगून ठेवले आहेत. आवाज तोंडात कुठे अडतो आणि कसा सुटतो, एवढे दोनच प्रश्न. कुठल्याही परक्या वर्णाला हेच दोन प्रश्न विचारायचे.

चहाचं उदाहरण घेऊ. फ्रेंचमध्ये चहाचा शब्द जवळजवळ आपल्या ‘ते’सारखा आहे: जीभ दातांना, श्वासाचा झोत नाही, अगदी आपला त. पण इंग्रजीच्या सवयीने आपली मुलं तिथे ‘टे’ म्हणतात. इंग्रजी टी हा वर्ण वरच्या दातांमागे हिरडीचा जो उंचवटा असतो त्यावर उमटतो. ती जागा मराठीत रिकामी आहे, म्हणून आपण त्याला ओढून ट करून टाकला, आणि तोच ट पुढच्या प्रत्येक भाषेत नेतो. फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये तो सोडा, त वापरा. जर्मनमधला चहा मात्र वेगळा. तिथे जीभ हिरडीवर टेकते आणि सुटताना श्वासाचा झोत येतो, थ इतका जोरदार नाही, पण त इतका कोरडाही नाही. जपानी ‘ओचा’तला च आपल्या ‘चहा’तलाच धरून चाला.

झोत तपासायला कागदाची पातळ पट्टी ओठांसमोर धरा. ‘कीर’ म्हणताना ती जवळजवळ हलत नाही, ‘खीर’ म्हणताना हलते. जर्मन कॉफी म्हणताना पट्टी हलली पाहिजे, फ्रेंच कॉफी म्हणताना नाही. ही परीक्षा घरी दोन मिनिटांत होते.

मराठीत लिहायला एकच च असला तरी म्हणायला दोन आहेत, ‘चहा’तला आणि ‘चूक’मधला. ही आपली मोठी ठेव आहे. जर्मनमधला झेड आणि जपानीतला ‘त्सु’ म्हणजे हा ‘चूक’मधला च. हिंदीभाषक विद्यार्थ्यांना मी तो आठवडाभर शिकवते, मराठी मुलाला ‘चमचा’ म्हण म्हटलं की झालं. जपानीतलं द्वित्तही आपल्याला सहज जमतं. ‘किते’ म्हणजे ये, ‘कित्ते’ म्हणजे टपाल तिकीट. ज्याला ‘पता’ आणि ‘पत्ता’ वेगळे ऐकू येतात त्याने इथे वेळ घालवू नये.

अडचण येते ती जवळपास सारख्या वाटणाऱ्या वर्णांत. जेम्स फ्लेगी यांनी १९९५ साली मांडलेल्या प्रारूपात हेच सांगितलं आहे: अगदी नवा आवाज माणूस नवा म्हणून शिकतो, पण ओळखीच्या आवाजाच्या शेजारचा आवाज ओळखीच्या खात्यात जमा होतो आणि तिथेच राहतो. माझ्या वर्गात हे रोज दिसतं. जर्मन सूर्याच्या शब्दाची सुरुवात मुलं ‘जुना’तल्या ज ने करतात. तो ज म्हणताना जीभ क्षणभर टेकते आणि मग सुटते, म्हणून तो लांबवता येत नाही. जर्मन वर्ण लांबवता येतो. गळ्यावर दोन बोटं ठेवा, ‘स्स्स्स’ म्हणत राहा आणि जीभ न हलवता गळ्यातला आवाज सुरू करा. बोटांना थरथर जाणवेल, भुंग्यासारखा आवाज येईल. तोच हवा आहे. व चंही असंच. आपल्या ‘वाघ’मधला व ओठ सैल ठेवून होतो. जर्मन आणि फ्रेंचमध्ये वरचे दात खालच्या ओठावर टेकतात आणि हवा घासत बाहेर पडते.

ज्या दोन टिंबांनी मला वर्षभर छळलं त्यांची कृती सोपी आहे, फक्त आरसा लागतो. लांब ‘ई’ म्हणा आणि थांबू नका. आवाज चालू ठेवून ओठ शिट्टी मारतो तसे गोल करा. जिभेचं टोक खालच्या दातांमागे आहे ते तिथेच राहू द्या. मराठीत ओठ गोल झाले की जीभ आपोआप मागे सरकते, ऊ आणि ओ असेच होतात. ही जोडगोळी तोडायची आहे. ‘ई’वरून एक स्वर मिळतो, ‘ए’वरून दुसरा. फ्रेंचमध्येही हे दोन्ही आहेत. पहिल्या दिवशी ओठ दुखतील.

फ्रेंच अनुनासिकांत आपला अनुस्वार आड येतो. ‘गंगा’त तो ङ होतो, ‘चंपा’त म, म्हणजे शेवटी कुठेतरी तोंड बंद होतंच. फ्रेंचमध्ये तोंड बंद होत नाही, स्वर नुसता नाकातून वाहतो. ज्यांच्या घरी मालवणी बोलतात त्यांना ‘खंय’ म्हणून बघायला सांगते, तिथे हा स्वर जिवंत आहे. बाकीच्यांनी आरशात बघावं: शब्द संपला तरी ओठ उघडे आणि जीभ खाली दिसली पाहिजे.

राहिली स्वरांची लांबी. अ आणि आ आपल्याला लांबीपेक्षा गुणाने वेगळे ऐकू येतात, आणि इ-ई, उ-ऊ बोलताना आपण लांबी जपत नाही. शुद्धलेखनात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतात त्या त्यामुळेच. म्हणून ‘आखूड आ’ ही मराठी माणसासाठी खरोखरच नवी गोष्ट आहे. टाळीवर शिका: आखूड स्वराला एक टाळी, लांबाला दोन.

जीभ नेमकी कुठे जाते ते बघायचं असेल तर ग्लासगो विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या ‘सीइंग स्पीच’ या संकेतस्थळावर तोंडाच्या आतली चलचित्रं आहेत. शब्दकोशात कंसात येणारी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीही शिकून घ्या. १८८६ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या संघटनेने ती घडवली. तिच्या व्यंजनांच्या तक्त्यात आडव्या ओळीत स्थानं आहेत, ओठांपासून कंठाकडे. वर्णमाला येणाऱ्याला हा तक्ता उलट्या बाजूने वाचल्यासारखा वाटतो. तुमच्या भाषेला लागणारी तीस-चाळीस चिन्हं आठवड्यात होतात.

स्वतःचा आवाज

तिसऱ्या आठवड्यापासून फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा. रस्त्याकडेची खोली नको. रिक्षांच्या आवाजात स्वराची लांबी बुडून जाते. पाच-सहा सेकंदांचं एक मूळ वाक्य ऐका, म्हणा, रेकॉर्ड करा आणि दोन्ही पाठोपाठ ऐका. एका वेळी एकच गोष्ट तपासायची, आज फक्त झोत, उद्या फक्त लांबी. हे बसलं की सावलीसारखं बोलायचं: मूळ आवाज चालू असतानाच अर्ध्या शब्दाच्या अंतराने त्याच्या मागोमाग. शब्दांपेक्षा लय पकडा. आपण मराठीत अक्षरं बऱ्यापैकी सारख्या वजनाने टाकतो, जर्मन माणूस एका अक्षरावर जोर देतो आणि बाकीची गिळतो. जपानीत तर सुरावर अर्थ ठरतो: ‘हाशी’ वरून खाली आलं तर जेवणाच्या काड्या, खालून वर गेलं तर पूल. तोक्यो विद्यापीठात तयार झालेला ‘ओजॅड’ हा मोफत स्वराघात कोश त्यासाठी बघावा. ज्यांना मोजमापाची आवड आहे त्यांनी ॲमस्टरडॅमच्या बुर्स्मा आणि वेनिंक यांचं ‘प्रात’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावं. आपला आणि मूळ भाषकाचा स्वर किती मिलिसेकंदांचा आहे ते त्यात दिसतं.

एक गोष्ट मनापासून सांगते. मराठी हेल गेला पाहिजे असा हट्ट धरू नका. मन्रो आणि डर्विंग यांनी १९९५ साली दाखवलं की ठळक परका हेल असलेलं बोलणंही पूर्ण समजू शकतं. हेल असणं आणि न समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या चुकीने शब्दच बदलतो ती आधी दुरुस्त करा.

शब्द: किती आणि कुठले

पॉल नेशन यांनी २००६ साली इंग्रजीसाठी हिशेब मांडला. लिखित मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असायला आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात, बोलण्यासाठी सहा ते सात हजार. शब्दकूळ म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली सगळी रूपं. आकडा ऐकून घाबरू नका. जर्मन शिकवणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन संस्थेची ए-१ या पहिल्या पातळीच्या परीक्षेची शब्दयादी साधारण ६५० शब्दांची आहे, पुढच्या ए-२ ची १३००, त्यापुढच्या बी-१ ची २४००. या याद्या मोफत उतरवून घेता येतात आणि त्यांत बहुतेक शब्दांना वाक्य दिलेलं आहे. दिवसाला आठ नवे शब्द घेतले तर ए-१ तीन महिन्यांत होतं. पंचवीस घेतले तर तिसऱ्या आठवड्यात उजळणीचा ढीग अंगावर येतो. हे मी दर बॅचला बघते.

अप्पा बळवंत चौकात कोऱ्या कार्डांचे गठ्ठे मिळतात. एक गठ्ठा आणि चपलांचं एक रिकामं खोकं घ्या, खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करा. ही सेबास्टियान लाइटनर यांची १९७२ मधली पद्धत. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात, तो रोज. आठवलं तर पुढच्या कप्प्यात: दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. विसरलात तर कार्ड परत पहिल्यात. हरमान एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच दाखवलं होतं की विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि मग मंदावतो. कप्प्यांची अंतरं त्याच हिशेबाने वाढत जातात. फोनवर हेच काम ‘आन्की’ करतं. नावाचा अर्थच जपानीत पाठांतर. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते मोफत आहे, आयफोनवर पैसे पडतात. त्याचा मोठा फायदा म्हणजे कार्डाला आवाज जोडता येतो.

कार्ड उलटण्याआधी उत्तर तोंडाने म्हणायचं, ही अट मोडू नका. कार्पिकी आणि रोडिगर यांच्या २००८ मधल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना स्वाहिलीचे ४० शब्द दिले होते. शब्द एकदा जमल्यावरही जे स्वतःची परीक्षा घेत राहिले त्यांना आठवड्याने सुमारे ८० टक्के आठवले. ज्यांनी जमलेल्या शब्दांची परीक्षा बंद केली त्यांना, पुढे वाचत राहिले तरी, एक तृतीयांशाच्या आसपासच. वही पुन्हापुन्हा वाचल्याने शब्द ओळखीचा वाटतो आणि आपण फसतो.

कार्डावर काय लिहायचं? येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृत महाकोशाचं काम चाललं आहे. त्याचा पाया म्हणजे हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या, आणि चिठ्ठीवर शब्द एकटा नसतो, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य बरोबर असतं. तसंच करा. पुढच्या बाजूला छोटं वाक्य आणि शब्दाच्या जागी रिकामी जागा. मागे शब्द, ध्वनिलिपीतला उच्चार आणि जोराच्या अक्षराखाली रेघ. जर्मनमध्ये शब्दाआधी लिंगाचं उपपद लिहायचंच. मराठीलाही तीन लिंगं आहेत, त्यामुळे कल्पना आपल्याला नवी नाही, पण जुळवाजुळव करू नका: त्यांचा सूर्य ‘ती’ आहे, टेबल ‘तो’ आणि मुलगी चक्क ‘ते’. निळी, लाल, हिरवी अशी तीन पेनं ठेवा. पुढे शब्द विसरला तरी रंग आठवतो, असं माझे विद्यार्थी सांगतात.

काही शब्द मात्र डोक्यात राहतच नाहीत. त्यांच्यासाठी ॲटकिन्सन आणि रॉ यांनी १९७५ साली रशियन शब्दांवर तपासलेली युक्ती वापरा. परक्या शब्दासारखा आपल्या भाषेतला शब्द शोधायचा आणि दोन्ही अर्थांचं एक चित्र करायचं. फ्रेंचमध्ये कोंबडीला ‘पूल’ म्हणतात. लकडी पुलावरून संध्याकाळच्या गर्दीत एक कोंबडी चालली आहे असं डोळ्यांसमोर आणा, जन्मात विसरणार नाही. पण शंभरातल्या दहा शब्दांनाच हे करा. युक्ती अर्थ धरून ठेवते आणि उच्चार मराठी करून टाकते, म्हणून अशा कार्डाला आवाज जोडलेला हवाच.

पुण्यात काय मिळतं

जर्मनसाठी बोट क्लब रोडचं मॅक्स म्युलर भवन, फ्रेंचसाठी आलियाँस फ्रान्सेज, आणि जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी अशा भाषांसाठी फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा विभाग. जपानीची जेएलपीटी परीक्षा पुण्यातच देता येते, जुलै आणि डिसेंबरमध्ये. कुठल्याही वर्गाला नाव घालण्याआधी एकच प्रश्न विचारा: उच्चार ऐकवून दुरुस्त करतात का, आणि किती वेळा?

घरी ऐकण्यासाठी जर्मनला डॉइचे वेले या जर्मन प्रसारणसंस्थेची ‘निकोस वेग’ ही मालिका आणि त्यांच्याच सावकाश वाचलेल्या बातम्या, फ्रेंचला आरएफआय या फ्रेंच रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं बातमीपत्र, जपानीला जपान फाउंडेशनचं ‘इरोदोरी’ हे पाठ्यपुस्तक आणि त्याची ध्वनिमुद्रणं. सगळं मोफत आहे. एका वेळी एकच धरा.

दिवसाला चाळीस मिनिटं पुरतात: सकाळी कार्डांना पंधरा, बसमध्ये किंवा चालताना ऐकायला पंधरा, रात्री जोड्यांना दहा. वेळ कमी पडलाच तर ऐकणं सोडा, कार्डं सोडू नका, कारण त्यांची थकबाकी साठते. आज संध्याकाळी पाच जोड्या कागदावर उतरवा, घरातल्या कुणाच्यातरी हातात फोन द्या आणि वीसपैकी किती आले तो आकडा तारखेसकट लिहून ठेवा.